झील धरणारे

बेटावदला नात्यातल्या एका साखरपुड्याला गेलो होतो. ओटीच्या ताटाशेजारी एक काळी वाटी ठेवली होती. कडेला लाटा काढलेली, आत अक्षता. उचलून घेतली तेव्हा कळलं, ही तर तबकडी. मधे एक टूम निघाली होती, जुन्या रेकॉर्डी कढत पाण्यात घालायच्या आणि मऊ झाल्या की पालथ्या तांब्यावर दाबून त्यांच्या वाट्या करायच्या. मी अक्षता बोटानं बाजूला सारल्या. तळाशी लालसर लेबल होतं. गाण्याचं नाव गेलेलं, शाहिराच्या नावातली चार अक्षरं उरलेली, आणि खाली, पाण्यानं नि हळदीनं काहीच बिघडवलं नाही असं, 'आणि पार्टी'. जेवण समोर आलं, पण घास उतरेना. घरच्यांना काय सांगणार? त्यांच्या लेखी ती अक्षतांची वाटी होती.

मला जिभाऊ आठवले. शिंदखेड्यात आमच्या गल्लीत त्यांचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं काम होतं. दोन भोंगे, एक अँप्लिफायर, बॅटरी आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी. लग्नसराईत हे सगळं बैलगाडीत घालून ते निघाले की सुयांची डबी सांभाळायला मी बरोबर. सुई बोथट झाली की बदलायची, नाहीतर तबकडीचे चरे खरवडून निघतात. अँप्लिफायर तापला की त्याच्यावरची धूळ भाजल्याचा वास यायचा, तो मला अजून लग्नाचा वास वाटतो.

सकाळी सनई, हळदीला सिनेमाची गाणी, वरातीला पुन्हा सिनेमाची गाणी. ती लोकांची फर्माईश असे. जिभाऊंची स्वतःची वेळ दुपारची. पंगती उठलेल्या, माणसं टोपी तोंडावर ओढून मांडवात आडवी झालेली, भोंग्याचा आवाज बारीक केलेला. अशा वेळी ते पेटीच्या तळातून शाहीर साबळ्यांची एक तबकडी काढत, धोतराच्या सोग्यानं पुसत, लावत आणि मला म्हणत, "पुढला नही रे भो, मांगला आयक."

शाहीर ओळ टाकायचा आणि मागचे उचलायचे. त्या मागच्यांमध्ये एक आवाज होता, इतरांपेक्षा किंचित आधी येणारा. शाहिराचा शब्द पुरता संपायच्या आत तो हजर. जिभाऊ तेवढ्याच जागी सुई पुन्हा पुन्हा टेकवत, आणि शेवटी स्वतःच कानामागे हात ठेवून त्या आवाजाबरोबर झील धरत. मांडवातलं एखादं माणूस कूस बदलायचं. उन्हात नीम सळसळायचा. पुढं पुढं त्या जागी तबकडीची खरखर इतकी वाढली की तो आवाज खरखरीतून शोधावा लागे. तरी आम्ही शोधत असू.

झीलकऱ्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. शाहीर कथा सांगतो, डफावर थाप टाकतो, लोक त्याच्याकडे बघतात. तुणतुणं आणि झांज घेऊन मागं उभे असलेले दोघे-तिघे 'जी जी रं जी' म्हणतात. पण त्या 'जी'मध्येच शाहिराला श्वास मिळतो. पुढच्या कडव्याचे शब्द तो तेवढ्यात आठवून घेतो. झीलकरी सूर खाली पडू देत नाही, उलट चढा धरतो, म्हणजे शाहिराला परत उतरायला जागा राहते. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात जत्रेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचत असे ती बहुधा झीलच. जिभाऊंनी हे काम तरुणपणी केलं होतं, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावोगाव फिरणाऱ्या एका कलापथकात. शाहीर कधीच नव्हते ते. तशी इच्छाही नव्हती त्यांची. "शाहीर व्हवाले तोंड लागस, झील धराले कान लागस," असं ते म्हणत.

त्या आधी येणाऱ्या आवाजाबद्दल त्यांचं ठाम मत होतं. "हाऊ आपलाकडना शे." खानदेशी माणूसच 'जी' असा दाबून म्हणतो, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा अमळनेरचा. कृष्णराव साबळे जन्मले 1923 साली साताऱ्याकडच्या पसरणीत, पण शाळेसाठी ते अमळनेरला आजोळी होते. साने गुरुजींचा सहवास त्यांना तिथं लाभला. शिंदखेड्याहून भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं नरडाणा, बेटावद करत गेलं की अमळनेर येतं. गाडीत बसलो की जिभाऊ त्या बाजूला बोट करत. ज्याचा गळा अमळनेरात फुटला त्यानं मुंबईला जाताना इकडचा एक तरी माणूस बरोबर नेलाच असेल, असं त्यांचं गणित. मला ते तेव्हाही पटत होतं आणि आजही खोडावंसं वाटत नाही.

सातारा आणि खानदेश यांचं नातं निघालंच आहे तर चिमठाण्याचं सांगायला हवं. आमच्याच तालुक्यातलं गाव. 14 एप्रिल 1944 रोजी तिथं इंग्रज सरकारचा खजिना लुटला गेला, साडेपाच लाखांच्या घरातला. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी हे प्रतिसरकारचे लोक साताऱ्याकडून आले होते, इकडून डॉ. उत्तमराव पाटील होते. ही नावं आम्ही शाळेत पाठ केली. पण परक्या मुलखात आलेल्या माणसांना वाट कुणी दाखवली असेल, भाकरी कुणी बांधून दिली असेल, रात्री कुणी दार उघडलं असेल? एवढं मोठं काम चार-पाच नावांवर होत नाही. त्याच्या मागेही कुणीतरी झील धरलेली असते.

आणि ही गोष्ट आजची नाही. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाला घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला, असं परंपरा सांगते. त्याच्या मागं कोण उभे होते? एच. ए. अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी 1891 साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, फार मोलाचं काम केलं. त्यात पोवाडे शाहिरांच्या नावानं आले. बरोबरच आहे, रचणाऱ्याचं नाव राहायलाच हवं. पण गाणं नुसतं रचून होत नाही. अमळनेरच्या गिरणी कामगारांवर 1946 साली गोळ्या चालल्या, त्यावर अण्णा भाऊ साठ्यांनी 'अमळनेरचे अमर हुतात्मे' लिहिलं. लालबावटा कलापथकाचं नाव काढलं की अण्णा भाऊ, अमर शेख, गव्हाणकर ही तीन नावं तोंडात येतात. कलापथक तिघांचं नसतं.

रेकॉर्ड आल्यावर तर झीलकरी आणखी मागं सरकला. अठ्ठ्याहत्तरच्या वेगाच्या तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास चालते. मैदानात तास दोन तास रंगणारा पोवाडा त्यात बसवायचा, तर काय कापणार? कथा कापता येत नाही. झील कापतात. शिवाय त्या काळी गाणारे-वाजवणारे सगळे एकदमच ध्वनिमुद्रित होत. नंतर कुणाचा आवाज वाढवायचा, कुणाचा कमी करायचा, ही सोय नव्हती. कोण मायक्रोफोनच्या किती जवळ उभा, यावर त्याचं ऐकू येणं ठरे. शाहीर जवळ, वाद्यं थोडी दूर, झीलकरी भिंतीकडे. आम्ही मांडवात ऐकत होतो तो आवाज त्या भिंतीपासून निघून, लाखेच्या चऱ्यात शिरून, मुंबईहून शिंदखेड्याला आला होता. तरीही तो आधीच पोचत होता, याचं मला फार अप्रूप आहे.

दूर अमेरिकेत 1950च्या दशकात न्यूयॉर्क, फिलाडेल्फियासारख्या शहरांतली काळी पोरं रस्त्याच्या कोपऱ्यावर अशीच उभी राहून गात. वाद्यांना पैसे नसत. एक पुढं गाई, बाकीचे मागं 'डू-वॉप'सारखे अर्थ नसलेले उच्चार लयीत म्हणत, आणि तेच त्या गाण्याचं नाव पडलं. कितीतरी टोळ्यांच्या एक-दोन तबकड्या निघाल्या आणि पोरं पुन्हा कामाधंद्याला लागली. पण तिकडच्या शौकिनांनी मागच्यांचीही नावं हुडकून काढली. खालचा सूर कुणाचा, वरचा कुणाचा, तो पुढं कुठं नोकरीला लागला, हे ते वर्षानुवर्षं जमवत आले. आमच्याकडे शौकीन कमी नव्हते. पेटीभर तबकड्या जपणारे जिभाऊ गावोगाव होते. पण त्यांनी जे कानानं जमवलं ते कागदावर घ्यावं, असं कुणाला वाटलं नाही.

'आणि पार्टी' या दोन शब्दांवर माझा राग आहे, तो इथं बोलून घेतो. साबळ्यांच्या पार्टीतून राजा मयेकरांसारखा नट महाराष्ट्राला मिळाला. शाहिरांच्या पत्नी भानुमती गाणी लिहीत. ती माणसं लोकनाट्यांमुळे ओळखीची झाली. पण ज्यांच्या वाट्याला फक्त 'जी' आला त्यांचं काय? लेबलावर जागा नव्हती, हे मी मान्य करतो. पाकिटावर होती. पाकिटाची मागची बाजू तर सबंध रिकामी असे.

कॅसेट आली तेव्हा जिभाऊंचं काम आटोपलं. मग गाडीवर चढवलेले बँड आले, मग डीजे. जिभाऊ गेल्यावर पेटी कुठं गेली ते विचारायला मी गेलो नाही, त्यांच्या मुलांना ती अडचण होती हे दिसत होतं. त्यांचा स्वतःचा आवाज कुठंही मुद्रित नाही. 19 फेब्रुवारी 2023 पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' आपलं राज्यगीत झालं. शब्द राजा बढ्यांचे, संगीत श्रीनिवास खळ्यांचं, आवाज साबळ्यांचा. दोन कडवी, एक मिनिट एक्केचाळीस सेकंद. एक मेला मैदानात ते लागतं, सगळे ताठ उभे राहतात, मीही राहतो. ऊर भरून येतो. पण माझा कान शाहिरांकडे थांबत नाही, मागं जातो.

माझी आजी कानबाईच्या रात्री गायची. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, रोट झाले की बाया नारळाच्या कानबाईपुढं बसत आणि उजाडेपर्यंत अहिराणी गाणी चालत. एकीनं ओळ काढायची, बाकीच्यांनी धरायची. आजी ओळ काढणाऱ्यांतली नव्हती. ती धरणाऱ्यांतली. पण ती एखाद्या वर्षी आजारी असली की बाया म्हणत, यंदा गाणं बसत नाही. हे लिहायला बसलो तेव्हा आजीचं नाव इथं येईल असं मनातही नव्हतं. जिभाऊंच्या आवाजाचा शोध घेताना तिचा आवाज मधे आला, आणि लक्षात आलं की तिनं धरलेल्या गाण्यांतलं एकही गाणं मला सबंध येत नाही.

आमच्याच खानदेशातल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शेतात, जात्यावर बोलत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व मावसभाऊ यांनी ते ऐकून वहीत उतरवून घेतलं. डिसेंबर 1951मध्ये त्या गेल्या. आचार्य अत्र्यांनी ती वही पाहिली आणि 1952 साली पुस्तक निघालं. मधे ती वही नसती तर असोद्याची एक बाई फार छान ओव्या म्हणायची, एवढंच आज कुणीतरी सांगितलं असतं, आणि तेही कदाचित नाही.

म्हणून धुळे, नंदुरबार, जळगावच्या वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरातलं कुणी कलापथकात, तमाशात, भजनी मंडळात, कानबाईच्या रात्री मागं उभं राहून गायलं असेल, तर त्याचं पूर्ण नाव, गाव, कोणत्या शाहिरामागं आणि साधारण कोणत्या साली, हे एका कागदावर लिहा. तो माणूस हयात असेल तर आज संध्याकाळीच त्याच्याजवळ बसा, मोबाइल सुरू करा आणि त्याला पुढची ओळ म्हणायला सांगू नका. तुम्ही म्हणा, त्याला धरू द्या.