जरा चोक दे ना!

तुमच्या कारमध्ये चोक कुठे आहे? शोधू नका, सापडणार नाही. बटन दाबलं की गाडी सुरू, अशी सवय झालेल्या आपल्या पिढीला चोक म्हणजे एसटीडी बूथसारखी ऐकीव गोष्ट. माझ्या काकांच्या प्रीमियर पद्मिनीला मात्र तो आहे आणि डिसेंबरच्या थंडीत नेमका तोच रुसला.

पद्मिनी म्हणजे आपली 'फियाट' हो! कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी, १०८९ सीसीची. २००१मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. जळगाव जामोदमध्ये काकांची अजून आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या थंडीत ती सकाळी सुरूच होईना, आणि झाली की काळा धूर!

एरवी हे चाललंही असतं. पण नोंदणीची मुदत संपत आली होती. २० वर्षांवरच्या कारसाठी ही फी ऑगस्ट २०२५मध्ये दहा हजार रुपये झाली होती. शिवाय पीयूसी हवं आणि धूर ओकणारी गाडी त्यात पास होणार कशी? पुण्याहून चुलतभावाचा सल्ला तयार, "बाबा, भंगारात द्या आता." काका गप्प. काकूंचे गुडघे गेलेत. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही आणि गुरुवारची शेगावची वारी या गाडीतूनच होते.

गावातल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, नॉब ओढला, ढकलला आणि हसले.

"ताई, सकाळी उठल्यावर तुम्हाले चहा लागते का नाई? तसंच थंड इंजिनाले जास्त पेट्रोल लागते. तेच काम चोक करते."

किती सोपं! पेट्रोल जळायचं तर आधी त्याची वाफ व्हावी लागते. थंडीत ती कमी होते. गरम इंजिनाला वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा पुरते. थंड इंजिनाला त्याहून बरंच जास्त पेट्रोल द्यावं लागतं, पण तेवढ्यापुरतंच. नव्या गाड्यांत हा हिशेब सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात. इथे तो तुमच्या हाताने करायचा.

आमच्या चोकची केबल कव्हरच्या आत गंजून अर्ध्यावर अडकत होती. त्यामुळे सकाळी चोक पुरता लागत नव्हता आणि इंजिन तापल्यावर पुरता निघतही नव्हता. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच!

मिस्त्रींनी जुनी केबल काढली. कार्बोरेटरवरचा चोकचा लिव्हर पेट्रोलने आणि ब्रशने साफ केला. नवी केबल मापाने कापून रबरी बुशातून आत घेतली, गरम सायलेन्सरच्या पाइपापासून लांब. खरी गंमत शेवटच्या स्क्रूची. नॉब पूर्ण आत ढकलून, तारेला किंचित ढील ठेवूनच तो आवळायचा. तार ताणून बसवली तर चोक कायम थोडा ओढलेलाच राहतो आणि धूर परत सुरू. खर्च? पुण्यातल्या दोन कॉफ्यांएवढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी नॉब ओढला, सेल्फ मारला आणि गाडी सुरू! दोन-तीन मिनिटांत हळूहळू नॉब आत. धूर नाही. पीयूसी मिळालं, नोंदणी पाच वर्षांसाठी वाढली.

चुलतभावाचा फोन आलाच. एवढे पैसे घालून काय मिळालं, असं तो विचारत होता. काका ७४ वर्षांचे आहेत, कमी बोलतात. म्हणाले, "तुझ्या आईला एसटीची पायरी चढता आली की लगेच विकतो."

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. जुनी गाडी ठेवणं म्हणजे नॉस्टॅल्जिया, असं आपण शहरात बसून सहज म्हणतो. काकांसाठी ती फक्त काकूंच्या गुडघ्यांची सोय आहे.