ब्रेक

गेल्या महिन्यात वंदना आटोपल्यावर शेजारच्या मावशी विहाराच्या पायरीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, पोराला परत बिरेक लागला." जवळच गल्लीतली नवी सून बसली होती. ती बिचारी बीड जिल्ह्यातून आलेली, तिला वाटले हा काही आजार असावा. "मावशी, डॉक्टरला दाखवलं का?" तिने काळजीने विचारले. आम्ही सगळे हसलो. मावशी हसल्या नाहीत. घरी येताना आम्हाला वाटले, त्या मुलीचे तसे काहीच चुकले नाही.

लहानपणी आम्हाला एकच ब्रेक ठाऊक होता, सायकलचा. भाड्याच्या सायकलचा पुढचा ब्रेक कसाबसा लागायचा, मागच्या चाकाला चप्पल लावायची. पुढे शाळेत इंग्रजीच्या सरांनी सांगितले की ब्रेक हे दोन शब्द आहेत, स्पेलिंग वेगळे, अर्थ वेगळे. एक थांबवण्याचा, एक मोडण्याचा. मराठीत आल्यावर दोघे एकाच खोलीत राहू लागले. बी.कॉम.ला ब्रेक-इव्हन पॉइंट शिकलो, म्हणजे जिथे ना नफा ना तोटा. टीव्हीवर 'एक छोटासा ब्रेक' आला की आई उठून भाजी हलवून यायची. सिनेमात नव्या नटाला ब्रेक मिळाला की पेपरात फोटो येतो. मशीन बंद पडले तर ब्रेकडाऊन, मग फिटर धावत येतो. आणि पोरापोरींचा ब्रेकअप तर आता आज्जीलाही कळतो.

कारखान्यातला सर्वांत गोड ब्रेक चहाचा. भोंगा झाला की कॅन्टीनकडे रांग लागते. हा विसावा कुणा मालकाच्या दयेने आलेला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या वर काम घ्यायचे नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची, असे बंधन घातले. त्याआधी बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि त्यांच्याच काळातल्या १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. कॅन्टीनमध्ये ग्लास हातात घेताना किती जणांना हे आठवते, कोण जाणे.

चहावरून पळवणकर बाळू आठवतात. ते आपल्या पुण्यात खेळून मोठे झालेले गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात खेळ थांबून चहा आला की सवर्ण खेळाडू पॅव्हेलियनमध्ये बसत आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडू त्यांच्या हातचा चालत होता. (१९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, तो भाग वेगळा.) म्हणजे ब्रेक सगळ्यांना एकाच वेळी होतो, पण सगळ्यांचा सारखा नसतो.

आता मावशींच्या बिरेककडे येतो. भोसरी, चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, कुठल्याही टपरीवर पोरांना विचारा, 'ब्रेक दिला' म्हणजे काय ते सांगतील. सात महिने काम, मग घरी. काही आठवड्यांनी परत भरती, बहुतेक वेळा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, पण मशीन तेच, सुपरवायझर तोच. सातच महिने का? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले की ती वर्षाची सलग सेवा मानली. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत तात्पुरत्या कामगाराचे २४० दिवस भरले तर त्याला कायम करावे, असे कलम होते. सात महिन्यांचे दिवस होतात २१० च्या आसपास. हात पोचायच्या आत शिडी काढून घ्यायची. १९७१ साली महाराष्ट्राने केलेल्या कायद्यात, कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षे तात्पुरता ठेवणे याला अनुचित कामगार प्रथा असे नाव दिले. नाव दिले, एवढेच. २०२० साली संसदेने जुने कामगार कायदे नव्या संहितांमध्ये बांधले आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीला त्यात जागा दिली. तेव्हा काही ठिकाणी आता ब्रेक म्हणायचेही काम उरलेले नाही, 'मुदत संपली' म्हटले की झाले.

भाषेची गंमत बघा. कामावरून काढले असे कुणी म्हणत नाही. ब्रेक 'दिला' म्हणतात, जणू काही बक्षीसच दिले. नटाला ब्रेक मिळाला तर नशीब उघडते, आमच्या पोराला मिळाला तर ठरलेली सोयरीक मोडते. मुलीकडचे पहिला प्रश्न तोच विचारतात, "मुलगा परमनंट आहे का?"

हे सगळे आम्हाला इतके बारकाईने ठाऊक आहे, कारण एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात आम्ही कारकून आहोत. ती यादी आम्हीच करतो. हजेरीवरून ज्यांचे सात महिने भरत आले त्यांची नावे काढायची, पुढे टोकन नंबर, शेवटची तारीख, आणि साहेबांच्या सहीला ठेवायची. पहिल्या काही वर्षांत ते आम्हाला नुसते आकडे वाटत. मग एके दिवशी आमच्याच विहारात भीमजयंतीच्या वर्गणीची पावती फाडणारा मुलगा यादीत आला. मावशींचा. आम्ही नाव लिहिले. दुसरे काय करणार होतो? दोन दिवसांनी तो भेटला. "जयभीम काका," म्हणाला, आणि थोडे थांबून, "यादी तुम्हीच करता ना?" आम्ही हो म्हणालो. तो म्हणाला, "मग निदान आठ दिवस आधी सांगत जा. घरभाड्याचं बघता येतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच आम्हाला जास्त लागले. ती खुर्ची आम्ही सोडलेली नाही. घराचे हप्ते आहेत, दोन मुली शिकतात. आम्ही सोडली तर यादी दुसरा करील, हेही खरे, पण ते वाक्य आम्ही स्वतःशी फार वेळा म्हटले आहे.

मात्र तेव्हापासून रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात एक जाड वही घेऊन बसतो. पोरे पगाराच्या पावत्या आणतात, मोबाईलवर पीएफचे पासबुक उघडतात. एका यूएएन नंबरखाली तीन-तीन ठेकेदारांची नावे असतात आणि मध्ये रिकामे महिने. ते रिकामे महिने आम्ही लाल पेनने लिहितो, कुठल्या लाइनवर, कुठल्या मशीनवर काम केले तेही. काही जणांची वही वकिलाला दाखवली. त्याने पहिली गोष्ट विचारली, जुने गेटपास आहेत का? पोरे ते फेकून देतात, किंवा ब्रेकच्या दिवशी गेटवरच काढून घेतात.

परवा मावशी परत आल्या. पदराच्या गाठीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत चार गेटपास होते, चार वेगवेगळ्या ठेकेदारांचे. पोराच्या पँटी धुताना खिशात सापडायचे ते त्यांनी पिठाच्या डब्यात टाकून ठेवले होते. पहिल्या पासवर पीठ चिकटून तारीख पुसट झाली होती. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी फुंकर मारली, बोटाने हलकेच पुसले आणि पास आमच्यापुढे धरला, "बघा भाऊ, दिसतंय का काही?"

चष्मा वर करून उजेडात धरला. महिना दिसत होता.