गाडी बदला!

कुर्डुवाडीच्या माणसाला गाडी बदलण्याचं भय नसतं. बार्शी लाइटचे रूळ अडीच फुटी, पुण्याचे साडेपाच फुटी. मधलं ओझं हमालाच्या डोक्यावर. (आता ते धाकटे रूळ गेले, हमालही गेले.) 1974 साली बार्शीचं कॉलेज सोडून मी पुण्याला निघालो, तेव्हा कळलं, की यशवंतरावांच्या कारकिर्दीत निघालेली ई.बी.सी.ची फीमाफीसुद्धा आमच्याच फलाटावर उतरते आणि तिला हमाल मिळत नाही!

कोल्हापूरच्या विद्यापीठाचं मायग्रेशन, जुन्या कॉलेजचा दाखला, माढ्याच्या मामलेदाराचा उत्पन्नाचा दाखला. सगळं पुढं केलं. पुण्याचा कारकून चष्म्यावरून म्हणाला, "हे उत्पन्न गेल्या सालचं. यंदाचं आणा."

"साहेब, यंदा पाऊसच नाही. उत्पन्न कुठलं?"

"मग नसल्याचा आणा."

नसलेल्या उत्पन्नापायी दादांनी माढ्याला तीन खेपा घातल्या, उसन्या पैशांनी. तोवर फी भरली ती आईच्या पाटल्या मोडून. माफी मंजूर होऊन पैसे परत मिळाले, ते दिवाळीनंतर. आई लगोलग सोनाराकडे गेली आणि तशीच परत आली. मधल्या काळात सोन्याच्या भावानं गाडी बदलली होती.

"राहू दे," ती म्हणाली, "पाटल्या घासताना हाताला लागायच्याच."