बरडावर उतरणारं विमान

रब्बी निघाली की साखरखेर्ड्याच्या शिवारात नांगरट सुरू होते आणि ट्रॅक्टरमागे बगळे जमतात. बगळा उतरायला लागला की मी त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेकडे बघतो. वेग पार कमी होतो, पंख तिरपे उचलले जातात आणि त्या कडेला अंगठ्याजवळची चार-दोन पिसं वेगळी उभी राहतात. त्या फटीतून आलेली हवा पंखाची पाठ सोडत नाही, म्हणून एवढ्या संथपणातही पक्षी कोसळत नाही. ढेकळावर अलगद पाय टेकतो.

क्रिस हाइंट्झ यांनी १९८६ मध्ये आखलेल्या झेनिथच्या 'सीएच ७०१' विमानाला हीच फट अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने कायमची दिलेली आहे. जर्मन 'श्टोर्ख' विमानाला ती १९३६ मध्येच होती. दोन माणसांचं सीएच ७०१ ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपासही हवेत टिकतं. आमच्या रस्त्यावरची एसटी याहून जोरात जाते! शे-दीडशे फूट धावलं की चाकं जमीन सोडतात. आणि ते येतं पेट्यांतून: पत्रे, नळ्या, रिव्हेटांच्या पुड्या, नकाशे. घरी बांधलेल्या विमानांसाठी अमेरिकेत नियम आहे की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानेच केलेलं असावं. हा नियम मला मनापासून आवडतो. ज्याने पंखातला एकेक रिव्हेट स्वतः बसवला, त्याला वाऱ्यात कुठला आवाज कशाचा हे कुणी सांगावं लागत नाही.

वेगाचं कौतुक मलाही आहे. पण वेगाला लांबलचक धावपट्टी लागते, आणि धावपट्टी शहराजवळच होते. वेगवान विमान आमच्या डोक्यावरून जातं, त्याला इथे थांबायची सोयच नाही. हळू उडता येणं ही मला त्याहून अवघड आणि जास्त मायेची विद्या वाटते.

हाताने विमान घडवण्याची जिद्द मराठी माणसात आहे, हे कॅप्टन अमोल यादव यांनी दाखवलं. त्यांचं विमान पेट्यांतून आलेल्या तयार भागांचं नव्हतं. सहा आसनांचं, स्वतः आखलेलं, कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं. २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी झाली २०१७ मध्ये, उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये. कागदांच्या या वर्षांत त्यांनी हातातलं काम सोडलं नाही, याचा मला फार आदर आहे.

आमच्याकडे डवरे आणि पेरणीयंत्रं जोडणारे हात घरोघरी आहेत, ते पेट्यांतलं विमानही जोडतील. ते उतरवायच्या जागेचंही मी मनाशी ठरवलं आहे. काळ्या मातीत नको. पावसाळ्यात ती चाक गिळते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बरड बरं. मुरूम घट्ट असतो, पाणी थांबत नाही, आणि मोठी मऊ टायरं असली की बारीक दगडगोटे सोसतात. उन्हाळी वारा पश्चिमेचा, म्हणून पट्टी पूर्व-पश्चिम धरायची. दोन्ही टोकांच्या बाभळी काढाव्या लागतील. विजेच्या तारा मात्र आधी बघायच्या. वरून खांब दिसतात, तार दिसत नाही.