माळशेज घाटात बेल्ट तुटला

कल्याणहून ओतूरला एस.टी. जाते, आणि तिकीटही परवडते. तरी ३० नोव्हेंबर २०२४ रोजी, शनिवारी पहाटे, आम्ही स्कूटर काढली. कारण ओतूरपासून सहा किलोमीटर आत एका वाडीवर आमची आत्या एकटी राहते. वय ७८. तिचे पती सरकारी नोकरीत शिपाई होते, त्यांच्यामागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाही तर पैसे थांबतात. हल्ली हे काम मोबाइलला जोडलेल्या मशीनवर अंगठा टेकवूनही होते. पण कांद्याच्या लागणी-काढणीत आणि खडी फोडण्यात आत्याच्या बोटांच्या रेषाच झिजून गेल्या आहेत. मशीन तिला ओळखत नाही. तिला बँकेतच न्यावे लागते, आणि वाडीवरून बँकेपर्यंत नेण्यासाठी हाताशी गाडी हवी.

शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात कशाला, असे कोणी विचारील. २० तारखेला विधानसभेचे मतदान होते, आम्हांला निवडणुकीचे काम लागले होते. त्यानंतर साचलेल्या फायलींमुळे रजा मिळेना. महिन्याचा पाचवा शनिवार म्हणून बँक उघडी होती, एवढेच नशीब.

म्हारळ, कांबा, रायत्याला उल्हास नदीचा पूल, मग मुरबाड. सकाळच्या गारव्यात हा रस्ता फार सुखाचा वाटतो. मागे आमच्या आयुष्यमती, त्यांच्या मांडीवर आत्यासाठी घेतलेली चादर आणि औषधांची पिशवी. मुरबाडला चहा घेऊन निघताना गाडीने एक आचका दिला. टोकावड्याच्या पुढे रबर जळल्यासारखा वास आला. आयुष्यमती म्हणाल्या, "अहो, वास कसला येतोय?" आम्ही म्हणालो, "पुढच्या ट्रकचे ब्रेक तापलेत." ट्रक वळून गेला, तरी वास राहिलाच. पण माणसाला थांबायचे नसले की नाकावरही विश्वास ठेवत नाही!

वैशाखरे गावावरून नाणेघाटाची वाट जाते. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांवरचा माल जनावरांच्या पाठीवर लादून त्या घाटाने जुन्नरकडे जात असे. वर लेण्यात सातवाहनांचे शिलालेख आहेत. मागच्या खेपेला आम्ही मुलांना घेऊन तेथे चढलो होतो. या वेळी नुसते बोट दाखवून पुढे निघालो. मोरोशीला भैरवगडाची उभी भिंत दिसली, आणि घाट लागला.

पावसाळ्यात माळशेजला पाय ठेवायला जागा नसते. नोव्हेंबरअखेर धबधबे आटलेले, गवत पिवळे पडलेले, माणूस नाही. निम्मा-अधिक घाट चढलो असू. गाडीचा आवाज वाढत होता आणि वेग कमी होत होता. एका वळणावर खाडकन आवाज झाला, इंजिन मोकळे ओरडले आणि गाडी जागीच थांबली. थांबली कसली, मागे सरकू लागली. आम्ही दोन्ही ब्रेक दाबले. आयुष्यमती उतरल्या आणि त्यांनी आधी चाकामागे दगड लावला. त्या वेळी सव्वाअकरा वाजले होते.

आता पुष्कळांच्या घरी बिनगिअरची स्कूटर आहे, म्हणून थोडे खुलाशाने सांगतो. गाडीच्या डाव्या अंगाला जो लांबट डबा असतो, त्यात पुढे एक आणि मागे एक अशा दोन पुल्या असतात, आणि दोन्हींवरून रबराचा रुंद बेल्ट फिरतो. पुढच्या पुलीत रोलर असतात. इंजिन जोरात फिरले की ते बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन्ही बाजू जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीत तो तेवढाच खाली उतरतो. आपण जे गिअर पायाने बदलायचो, ते काम हा बेल्ट आपोआप करतो. दोन माणसे घेऊन घाट चढताना सगळा ताण त्याच्यावर. तो झिजून अरुंद झाला की घसरतो, तापतो, वास मारतो, आणि शेवटी तुटतो. गाडीच्या पुस्तिकेत २४,००० किलोमीटरला बदला असे छापलेले होते. आमचा काटा ३१,००० वर होता. दिवाळीआधी कल्याणच्या मिस्त्रीने डबा उघडून दातांमधल्या भेगा दाखवल्या होत्या. आम्ही बी.कॉम. माणूस, हिशेब केला: बोनस, कपडे, मुलीची क्लासची फी. म्हणालो, पुढच्या महिन्यात पाहू.

एक मोटारसायकलवाला तरुण थांबला. त्याच्याकडे दोरी होती, ती बांधून पाहू म्हणाला. त्याच्या गाडीची साखळी तुटली तर नवी कडी घालून जोडता येते. बेल्टला जोड नसतो. तो आपल्या तिरप्या कडांनी पुलीला धरतो. गाठ मारलेली दोरी घसरते किंवा आतच अडकते. किक मारून पाहावी असेही मनात आले, पण तुटलेले दोरे आत गुंडाळले तर नुकसान वाढणार, म्हणून हात आवरला. उतारावर गाडी सोडून मोरोशी गाठावी म्हटले, तर बेल्ट नसताना इंजिन गाडीला मागे धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. आणि खाली जाणे म्हणजे ओतूरपासून लांब जाणे. आयुष्यमती म्हणाल्या, "खाली नको. वर जाणारी गाडी बघा."

त्यांचेच खरे झाले. रात्री भाजी घेऊन कल्याणच्या बाजारात गेलेले टेम्पो या वेळेला रिकामे परततात. तिसऱ्या टेम्पोवाल्याने थांबवला. "घाटात उभं नका राहू भाऊ, वरून दगड येतात," म्हणत तो, त्याचा पोऱ्या आणि आम्ही, तिघांनी शंभर किलोची गाडी वर चढवली. आयुष्यमती पुढे बसल्या, आम्ही मागे कोथिंबिरीच्या देठांत गाडी धरून उभे.

या घाटाने आम्ही किती वेळा गेलो असू, पण त्याच्याकडे पाठ करून कधी चढलो नव्हतो. हँडल हातात असले की डोळ्यांसमोर फक्त पुढचे वळण असते. आता अख्खे कोकण हळूहळू खाली जात होते. मोरोशीची कौले, रस्त्याची पट्टी, जिथे आम्ही अडकलो तो दगड, सगळे लहान होत गेले. मग बोगद्याचा अंधार, थंड वारा, आणि पलीकडे एकदम सपाट उजेड. पुष्पावतीवरच्या पिंपळगाव जोगा धरणाचे निळे पाणी, काठाला हिरवे पट्टे, शेतांत वाकलेल्या बाया. घाटाखाली ठाणे जिल्हा, वर पुणे जिल्हा, हवासुद्धा निराळी. हातात गाडी होती, पोटात बँकेची धास्ती होती, तरी पाहत राहिलो हे खरे.

ओतूरला टेम्पोवाल्याने पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. दीड वाजला होता. गॅरेजवाला मुलगा विशीतला. म्हणाला, "काका, बेल्ट आहे, पण आधी दोन गाड्या आहेत." आम्ही घड्याळ पाहिले. आयुष्यमतींनी पिशवी उचलली. "तुम्ही गाडीपाशी थांबा. मी वडापने जाऊन आत्यांना आणते." आणि गेल्यासुद्धा.

मुलाने तीन वाजता डबा उघडला. पुढच्या पुलीभोवती दोऱ्यांचे जावळ गुंडाळलेले, कोपऱ्यात काळा भुसा. सहा रोलरपैकी दोन एका बाजूने चपटे झालेले, तेही बदलले. साधा बेल्ट स्वस्त होता, आम्ही कंपनीचा घातला. बेल्ट आणि रोलर मिळून नऊशे रुपये, मजुरी वेगळी. दिवाळीत वाचवले ते येथे गेले. पुलीला तेलाचा हात लागू नये म्हणून तो दर वेळी बोटे कोरड्या फडक्याला पुसत होता. त्याचा हात पाहत बसावेसे वाटले, पण आम्ही गाडी त्याच्यावर सोपवून बँकेकडे धावलो.

आत्या बाकावर बसली होती. आम्ही जयभीम केला, तर म्हणाली, "सूनबाई एकटी आली तेव्हाच म्हटलं, पोरगा कुठंतरी अडकला." मशीनने चार वेळा बोट नाकारले. मग अधिकाऱ्यांनी कागदी नमुना काढला, समोर सही घेतली, पोच दिली. चारला दहा कमी होते.

साडेचारला गाडी हातात आली. आत्याला मागे बसवून सावकाश वाडीवर नेले, आयुष्यमती वडापने मागून आल्या. तुटलेला बेल्ट मुलाने कागदात बांधून दिला होता. आम्ही तो फेकायला निघालो, तर आत्या म्हणाली, "रबर चांगलंय, टाकतोस कशाला?" रविवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा तिने त्याचे दोन तुकडे करून कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला बिजागरी म्हणून ठोकले होते, आणि दार उघडून-लावून आम्हांला दाखवले.