ऑस्लोतले व्याही

ऑस्लोला निघताना आम्हा चौघांच्याही मनात होता तो इब्सेन. आम्ही नाशिकच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे; वसंत कानेटकरांच्या गावात नाटकावाचून गप्पा पुऱ्या होत नाहीत आणि नाटकाच्या गप्पा इब्सेनवाचून. पहिल्याच दिवशी कार्ल योहान रस्त्याने चालू लागलो, तर पदपथात धातूच्या अक्षरांनी बसवलेली त्याचीच वाक्ये पायांखाली आली. उतारवयात तो आर्बिन्स गाटेवरील घरातून ग्रँड कॅफेपर्यंत नित्यनेमाने पायी जात असे; ही अक्षरे त्याच वाटेवरची.

राष्ट्रीय रंगमंदिरापाशी मात्र बोलण्याचा रोख पालटला. तिथे पुतळे दोन आहेत. एक इब्सेनचा, दुसरा ब्यर्नस्त्येर्ने ब्यर्नसनचा. १८९९ साली हे रंगमंदिर उघडले तेव्हा दोघेही हयात होते आणि एकमेकांचे व्याहीही: इब्सेनच्या मुलाला ब्यर्नसनची मुलगी दिली होती. ब्यर्नसनला १९०३ चे नोबेल मिळाले. नॉर्वेचे राष्ट्रगीतही त्याचेच.

आणि मराठी नाटकाचे नवे पर्व ज्या प्रयोगापासून मोजण्याचा प्रघात आहे, त्याच्या मुळाशीही तोच. त्याच्या ‘हातमोजा’ (१८८३) या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ‘आंधळ्यांची शाळा’ लिहिले. ‘नाट्यमन्वंतर’ने ते १९३३ साली रंगभूमीवर आणले. इब्सेनच्या ‘डॉल्स हाउस’चा ठसा असलेले मो. ग. रांगणेकरांचे ‘कुलवधू’ आले १९४२ मध्ये. दोन्हींत नायिका ज्योत्स्ना भोळे: आधी बिंबा, मग भानुमती. व्याही-व्याह्यांच्या दोन्ही घरांत नांदलेली ही एकच मराठी अभिनेत्री.

मग इब्सेन सर्वांच्या ओठी आणि ब्यर्नसन तळटीपेत, असे का? आमच्यातले एक म्हणाले, नोराने लोटलेल्या दाराचा आवाज जगभर गेला. वाग्दत्त वराच्या तोंडावर फेकलेल्या हातमोज्याला आवाज कुठला? शिवाय ब्यर्नसन प्रवचन करतो, इब्सेन प्रश्न उघडा ठेवून निघून जातो. कलादृष्ट्या हा भेद आम्हा सर्वांनाच मान्य होता.

आमच्या मैत्रिणीला तेवढ्याने समाधान नव्हते. तिचे म्हणणे असे: नोराचे घर सोडणे वर्गातल्या मुलींना चटकन भावते, कारण ते लग्नानंतरचे आणि दूरचे असते. ‘हातमोज्या’तली स्वावा लग्नाआधीच विचारते: शीलाची जी अट मला, ती तुला का नाही? पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीची चौकशी सात पिढ्यांपर्यंत होते. मुलाला त्याचा पूर्वेतिहास विचारण्याचे धाडस आजही किती मुलींना होते? नाटक थिटे असेल, पण प्रश्न अजून वयात यायचा आहे.

यावर कुणालाच उत्तर सुचेना. बाकांवर बसून राहिलो. राजवाडा समोर दिसत असूनही त्या दिवशी तिथवर गेलो नाही. ठरले ते इतकेच, की यापुढे वर्गात इब्सेनला बोलवायचे, तर त्याच्या व्याह्यालाही आवतण धाडायचे.