पंचांगातील पौर्णिमा

साष्टी हे बेट आहे, असे आम्ही डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षे मुलांकडून घोकवून घेतले. परंतु त्याचा प्रत्यय येण्यास आमची साठी उलटावी लागली. ठाण्यास राहणारे आमचे एक शाळासोबती निवृत्तीनंतर लहानशी शिडाची होडी बाळगून आहेत. सन 2024 च्या माघी पौर्णिमेस त्यांनी आम्हां उभयतांस घोडबंदराहून वसईच्या खाडीने कोलशेतपर्यंत नेऊन आणण्याचा बेत केला. "मास्तर, आठाच्या आत धक्क्यावर या," असा त्यांचा निरोप होता.

वार शनिवार. नऊ ते साडेदहा राहुकाळ! ही चाल मूळची दक्षिणेकडील, आमच्या वडिलांनी ती कधी पाळली नाही. पण उतारवयात आम्हांस तिने पछाडले आहे. सबब आम्ही धक्क्यावर पोहोचलो अकरा वाजता. मित्र हसून "या" म्हणाले. तांडेल मात्र पाण्याकडे पाहत राहिला.

प्रवास रमणीय झाला, यात संशय नाही. उजव्या हातास नागल्याचे रान, दोहों तीरांस तिवरांची दाटी. इ. स. 1657 मध्ये कल्याण हाती आल्यावर शिवरायांनी तेथे जहाजे बांधविण्यास आरंभ केला. त्यांना समुद्र गाठण्याची वाट हीच, आणि तिच्या मुखाशी वसईस पोर्तुगीज बसलेले. हे सारे आम्ही वहिनींस मोठ्या उत्साहाने सांगत होतो.

परतताना गत झाली. ओहोटी लागून बराच वेळ झाला होता, आणि दुपारचा खारा वारा समोरून. आडवेतिडवे शीड फिरवीत जाताना चारच्या सुमारास होडी चिखलात रुतली. तांडेल म्हणाला, "आता रात्री दहाला सुटंल. पुनवेला मुंबईत बारा वाजता पानी भरतं, हितं थोडं मागनं. रोज पाऊण तास पुढं जातं. मास्तर, तुमच्या पंचांगात पुनव नव्हती काय?"

होती. चांगली ठळक छापलेली होती. खारे वारे, मतलई वारे, उधाण, भांग हे सर्व आम्ही फळ्यावर चित्रे काढून शिकविलेले! त्याच पानावरून तांडेलाने पाणी वाचले आणि आम्ही राहुकाळ.

सहाच्या सुमारास मित्राचा फोन वाजला. ते हलक्या आवाजात म्हणाले, "पाण्यानं अडवलं गं बाळा. तू केक काप, आमच्यासाठी थांबू नकोस." नातीचा वाढदिवस होता. वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि लगेच आम्हांस डब्यातील लाडू पुढे केला. तो घशाखाली उतरेना.

चंद्र वर आला, चिखल चांदीसारखा चकाकू लागला. त्या शोभेकडे आमच्याने पाहवले नाही. दहा वाजून गेल्यावर होडी हलली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाहुली घेऊन ठाण्यास गेलो. नातीने दारातच विचारले, "आजोबांची होडी कुणी अडकवली?"

मित्र बोलण्यापूर्वीच आम्ही म्हणालो, "आम्ही."